चार कोपऱ्यांतली घड्याळं

आजचा माझा विषय आणि आजचं माझं माध्यम यांचं फारसं जमत नाही, हे आधीच कबूल करतो. तुमच्यापैकी अनेकांच्या रेडिओला एकच स्पीकर असेल. माझा आवाज तुम्हाला एकाच जागेवरून ऐकू येत असेल. आणि मी बोलणार आहे चार, पाच किंवा त्याहूनही जास्त स्पीकरांमधून, ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी येणाऱ्या संगीताबद्दल. साठ-सत्तरच्या दशकांत गाजलेले इंग्लंड-अमेरिकेतले रॉक आल्बम आज नव्यानं 'सराउंड' रूपात मिळतात. जुन्याच ध्वनिमुद्रणाची ही नवी मांडणी. ती खरोखर जास्त चांगली ऐकू येते का, येत असेल तर कशामुळे, आणि त्या नादात आपण काही गमावतो का, एवढंच मला आज पाहायचं आहे.

सुरुवात एका कॅसेटपासून करतो. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा आल्बम मी पहिल्यांदा १९७९ साली, पुण्यात होस्टेलच्या खोलीत ऐकला. कुणाच्या तरी मामांनी परदेशातून आणलेल्या लाँगप्लेवरून एक कॅसेट भरली गेली होती. तिच्यावरून दुसरी भरली आणि दुसरीवरून आमची तिसरी. प्रत्येक वेळी टेपची स्वतःची सरसर थोडी वाढली आणि झांजांची धार थोडी बोथट झाली. हा आल्बम सुरू होतो तो हृदयाच्या ठोक्यांनी. अगदी हलके, हळूहळू जवळ येणारे ठोके. आमच्या कॅसेटवर ते नव्हतेच. म्हणजे असतील, पण सरसरीखाली गाडले गेले होते. ते मला ऐकू आले ते कित्येक वर्षांनी, सीडीवर. ही कॅसेट जरा लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता मिक्सिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. १९७० च्या सुमारास मोठ्या स्टुडिओंमध्ये दोन इंच रुंदीची टेप वापरत. तिच्यावर शेजारी शेजारी सोळा ट्रॅक असत. एकावर बेस गिटार, दोन-तीनवर ड्रम, एकावर गायकाचा आवाज, अशी वाटणी. हे सगळं एकाच वेळी वाजवायची गरज नसे. आज गिटार वाजवावी, पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत गावं. सगळे ट्रॅक भरले की ध्वनिमुद्रक मिक्सर घेऊन बसे. कुठलं वाद्य किती मोठं, डावीकडे की उजवीकडे, कुणाला किती घुमारा द्यायचा, हे ठरवून सोळांचे दोन ट्रॅक करी. तो दोन ट्रॅकचा स्टिरिओ मास्टर. लाँगप्ले निघे ती त्याच्यावरून. सोळा ट्रॅकची टेप मात्र कपाटात जाई. ती शाबूत असेल तर ती पुन्हा काढून आल्बम नव्यानं मिसळता येतो. सराउंडचा सगळा खटाटोप या कपाटातल्या टेपांवर उभा आहे.

दोन स्पीकरांचं स्टिरिओ रॉकच्या बरंच आधीचं. ईएमआय कंपनीतले इंजिनिअर ॲलन ब्लमलिन यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९३१ च्या डिसेंबरमध्ये. त्याच्या महिनाभर आधी त्याच कंपनीचा ॲबी रोड स्टुडिओ लंडनमध्ये सुरू झाला होता. पण घराघरांत स्टिरिओ पोचायला तीसेक वर्षं गेली. बीटल्सनी १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर' हा आल्बम केला, तेव्हाही त्यांनी स्वतः बसून काळजीनं मिसळून घेतला तो एका स्पीकरसाठीचा मोनो आल्बम. स्टिरिओचं काम नंतर, मानानं लवकर उरकलं गेलं.

त्याच वर्षी, १२ मे १९६७ रोजी, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइडचा कार्यक्रम झाला. ॲबी रोडमधले एक तंत्रज्ञ बर्नार्ड स्पाइट यांनी त्यासाठी एक पेटी तयार केली होती. तिचं भारदस्त नाव 'ॲझिमथ को-ऑर्डिनेटर'. पेटीवरची दांडी ज्या दिशेला कलवावी, त्या दिशेच्या स्पीकरांतून आवाज येई. कीबोर्ड वाजवता वाजवता रिचर्ड राइट ती दांडी फिरवीत, आणि पावलांचा आवाज प्रेक्षकांच्या मागून जाऊन दुसऱ्या बाजूनं पुढे येई. त्या रात्री सभागृहात साबणाचे बुडबुडे सोडले होते आणि फुलं उधळली होती. खुर्च्यांवर आणि गालिच्यावर डाग पडले, आणि व्यवस्थापकांनी बँडला पुन्हा यायला बंदी केली. कार्यक्रमानंतर ती पेटीही चोरीला गेली. १९६९ च्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या कार्यक्रमासाठी नवी करावी लागली. तशी एक पेटी आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे.

हे सांगायचं कारण असं, की या बँडच्या बाबतीत चहूबाजूंचा आवाज ही कंपनीच्या विक्रीखात्यानं मागाहून चिकटवलेली गोष्ट नव्हती. ती त्यांच्या संगीताच्या कल्पनेतच होती. 'डार्क साइड'चं ध्वनिमुद्रण १९७२ च्या मध्यापासून १९७३ च्या सुरुवातीपर्यंत ॲबी रोडमध्ये झालं. ध्वनिमुद्रक होते ॲलन पार्सन्स, वय अवघं तेवीस-चोवीस. या आल्बममधल्या 'टाइम' या गाण्याच्या आरंभी खूपशी घड्याळं एकदम ठोके देतात. ती घड्याळं या गाण्यासाठी मुद्रित केलेलीच नव्हती. चार स्पीकरांची नवी पद्धत लोकांना दाखवण्यासाठी एक नमुना हवा होता, म्हणून पार्सन्स एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाची टिकटिक आणि टोले वेगवेगळे मुद्रित करून आले होते. बँडला ती ऐकवली आणि ती गाण्यात आली. म्हणजे ही घड्याळं जन्मली तीच चार कोपऱ्यांसाठी.

'मनी' या गाण्याच्या सुरुवातीची नाणी आणि गल्ल्याची घंटीही अशीच. रॉजर वॉटर्स यांनी नाणी भांड्यात टाकून त्यांचा आवाज मुद्रित केला. मग नाणी, फाटणारा कागद, गल्ला अशा सात आवाजांचे टेपचे तुकडे पट्टीनं मोजून कापले, गोलाकार जोडले आणि ते कडं मायक्रोफोनच्या स्टँडभोवतून फिरवत वाजवलं. गाण्याचा सात मात्रांचा ठेका त्यातून निघाला. चार स्पीकरांच्या मांडणीत हेच आवाज खोलीभर फेर धरतात.

पण या आल्बमचं पहिलं जाहीर दर्शन कसं झालं पाहा. २७ फेब्रुवारी १९७३ रोजी लंडनच्या तारांगणात पत्रकारांना बोलावलं होतं. वर घुमट, चहूबाजूंनी आवाज, असा बेत. पण चार स्पीकरांसाठीचं मिक्सिंग तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. मग साधा स्टिरिओच, तोही बेताच्या ध्वनियंत्रणेवर वाजवायचं ठरलं. बँडमधल्या तिघांनी रागानं तिकडे पाठ फिरवली. एकटे रिचर्ड राइट गेले. बाकीच्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या माणसाएवढ्या आकृत्या उभ्या होत्या. सराउंडच्या इतिहासात पुढे वारंवार दिसणारी गोष्ट इथे पहिल्यांदा दिसते. कल्पना उत्तम, प्रत्यक्ष ऐकवायची व्यवस्था कच्ची.

पार्सन्स यांनी ते मिक्सिंग पुढे पुरं केलं आणि चार स्पीकरांसाठीची, म्हणजे 'क्वाड्राफोनिक' लाँगप्ले बाजारात आली. अडचण होती ती तबकडीत. तबकडीच्या खाचेला दोन भिंती. त्यामुळे तिच्यात दोनच आवाज स्वच्छपणे मावतात. चार मावायचे कसे? सीबीएस कंपनीच्या 'एसक्यू' पद्धतीत चार आवाज विशिष्ट रीतीनं दोनांत मिसळत आणि घरी एक डिकोडर ते पुन्हा वेगळे करी. दोन वाट्यांत चार भाज्या एकत्र वाढायच्या आणि ताटात पुन्हा निवडून चार करायच्या, असा हा प्रकार. साध्या डिकोडरवर पुढचे आणि मागचे आवाज धड वेगळे होतच नसत. मागच्या गिटारची सावली पुढे पडे, पुढच्या गायकाची मागे.

दुसरी पद्धत जपानच्या जेव्हीसीची, 'सीडी-४'. तिच्यात चारही आवाज खरोखर वेगळे राहत. त्यासाठी माणसाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या वर, ३० किलोहर्ट्झच्या आसपास, एक वाहक लहर तबकडीत कोरत आणि जास्तीची माहिती तिच्यावर बसवत. ही बारीक लहर वाचायला खास घडणीची सुई लागे. साध्या सुईनं तबकडी चार-सहा वेळा वाजवली, तर वरची नक्षीच घासून निघायची. तिसरी पद्धत सान्सुईची. ग्राहकानं आधी आवडता गायक ठरवायचा, मग त्याची कंपनी कुठली पद्धत वापरते ते पाहायचं, मग त्याप्रमाणे डिकोडर, दोन जादा स्पीकर, जादा ॲम्प्लिफायर घ्यायचा आणि हे सगळं बैठकीच्या खोलीत कुठे ठेवायचं यावर घरात भांडायचं. सत्तरचं दशक संपेपर्यंत हा व्यापार आटोपला.

आणि हे घडत असताना चित्रपटगृहांत मात्र अनेक स्पीकरांचा आवाज टिकून होता. ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर सहा चुंबकीय ट्रॅक मावत. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात 'शोले' लागला तो ७० मिलिमीटर आणि स्टिरिओफोनिक आवाजासह. नाणं पडल्याचा आवाज आला की लोक खुर्चीखाली वाकून बघत, असं सांगतात. थिएटरात खुर्च्या पक्क्या असतात, स्पीकर जागच्या जागी असतात, आणि ते नीट वाजवायला माणूस नेमलेला असतो. घरात यातलं काहीच नसतं. पुढे घरात सराउंड आला तोही सिनेमाचं बोट धरूनच. नव्वदच्या दशकात थिएटरांत डिजिटल आवाज आला आणि त्याच्या मागोमाग डीव्हीडी. समोर डावा-उजवा, मध्ये एक, मागे दोन आणि खर्जासाठी एक वेगळा डबा, अशी ती 'फाइव्ह पॉइंट वन'ची मांडणी.

मग संगीत कंपन्यांना कपाटातल्या टेपांची आठवण झाली. १९९९ मध्ये एसएसीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ अशा दोन नव्या तबकड्या आल्या. आता भाज्या एका वाटीत कालवायची गरज नव्हती. सहाही आवाज एकमेकांपासून पूर्ण वेगळे आणि सीडीपेक्षा बारकाईनं साठवलेले. पण कंपन्यांनी तीच जुनी चूक केली. दोन तबकड्या, दोघींचं एकमेकींशी वैर. २००१ मध्ये आयपॉड आला आणि बहुतेक लोकांनी दोघींकडेही पाठ फिरवून हजार गाणी खिशात घालणं पसंत केलं.

तरी त्या चार-पाच वर्षांत काही उत्तम कामं झाली. 'डार्क साइड'ला तीस वर्षं झाली म्हणून २००३ मध्ये त्याची एसएसीडी निघाली. फाइव्ह पॉइंट वनचं काम बँडनं पार्सन्सना न देता जेम्स गथ्री यांना दिलं. गथ्री हे बँडच्या 'द वॉल' या आल्बमचे ध्वनिमुद्रक. ही तबकडी मी एका मित्राकडे ऐकली. पाच स्पीकर, मध्ये एक वेताची खुर्ची. हृदयाचे ठोके सुरू झाले आणि मी होस्टेलच्या खोलीतली ती कॅसेट आठवून हसलो. सरसर औषधालाही नव्हती. घड्याळं वाजली तेव्हा मान आपोआप मागे वळली. पण खरं सांगायचं तर घड्याळांनी मला जिंकलं नाही. जिंकलं ते त्यानंतरच्या शांत भागानं. निक मेसन यांच्या ड्रमवरची प्रत्येक थाप कातड्यावर पडल्यासारखी ऐकू येत होती, आणि तिचा घुमारा खोलीत विरून जाईपर्यंत ऐकू येत होता.

मी उत्साहानं घरी तशीच व्यवस्था केली आणि पुरता निराश झालो. आवाज पोकळ, खर्ज गायब. महिनाभर मी सगळ्यांना सांगत सुटलो की सराउंड म्हणजे निव्वळ थोतांड. मग लक्षात आलं, मागच्या एका स्पीकरच्या तारा मीच उलट्या जोडल्या होत्या. हा स्पीकर बाहेर ढकली तेव्हा तो आत ओढी, आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खाई. सराउंड आल्बम 'वाईट वाजतो' असं कुणी म्हणालं, की मी आधी तारा विचारतो.

गंमत अशी की गथ्री यांच्या कामावर खुद्द पार्सन्स खूश नव्हते. मूळ स्टिरिओशी प्रामाणिक राहण्याच्या प्रयत्नात गथ्री थोडे अडकले, असं त्यांचं मत पडलं. २०११ च्या मोठ्या संचात पार्सन्स यांचं १९७३ चं चार स्पीकरांचं आणि गथ्री यांचं २००३ चं, अशी दोन्ही मिश्रणं दिलेली आहेत. तबकडीच्या खाचेच्या जाचातून सुटलेलं पार्सन्स यांचं काम तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा नीट ऐकलं. माझ्या कानांना ते जास्त धीट वाटतं. वाद्यं बेधडक मागे नेलेली, जागा मोकळ्या. गथ्री यांचं काम जास्त एकसंध. गाणं आधी, खोली नंतर. दोघंही जाणकार, हाती मूळ सामग्री एकच, आणि दोन वेगळे आल्बम. यातला खरा कुठला?

या प्रश्नाकडे येण्याआधी त्या थापेकडे जाऊ. ती इतकी स्वच्छ का ऐकू आली? स्पीकर पाच होते म्हणून? माझं उत्तर आहे, नाही, किंवा फार थोड्या प्रमाणात.

इथे आमची कॅसेट कामाला येते. 'सार्जंट पेपर' झाला तेव्हा ॲबी रोडमध्ये चारच ट्रॅकची यंत्रं होती. चार भरले की ते सगळे मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवत आणि उरलेल्या ट्रॅकवर नवी वाद्यं घालत. कधी कधी हे पुन्हा करत. म्हणजे सुरुवातीला वाजवलेले ड्रम शेवटच्या टेपवर पोचेपर्यंत कॅसेटवरून कॅसेट भरावी तसे एक-दोन पिढ्या खाली गेलेले असत. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी हा आल्बम नव्यानं मिसळला. जाइल्स हे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव. त्यांनी उतरवलेल्या टेपा बाजूला ठेवून त्यांच्या आधीच्या, पहिल्या पिढीच्या टेपा काढल्या आणि संगणकावर एकमेकींशी जुळवल्या. १९६७ मध्ये हे शक्यच नव्हतं. शिवाय मार्गदर्शक म्हणून स्टिरिओ न घेता बीटल्सनी स्वतः मान्य केलेला मोनो आल्बम घेतला. रिंगो स्टार यांचे ड्रम त्यात पुढे येतात ते या पिढीच्या फरकामुळे. तो फरक दोन स्पीकरांवरही तितकाच ऐकू येतो.

जेथ्रो टल या बँडच्या 'ॲक्वालंग'चं उदाहरण याहून बोलकं आहे. हा १९७१ चा आल्बम एका नव्याकोऱ्या स्टुडिओत मुद्रित झाला आणि गाणी उत्तम असूनही त्याचा आवाज कोंदट, असं चाहतेसुद्धा चाळीस वर्षं म्हणत आले. २०११ मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकारानं मूळ मल्टिट्रॅकवरून तो पुन्हा मिसळला आणि लक्षात आलं की टेपवरचा आवाज तितका वाईट नव्हताच. बिघाड पुढच्या टप्प्यांत झाला होता. विल्सन यांची कामाची रीत मला फार पटते. आधी ते जुन्या स्टिरिओशी क्षणोक्षणी ताडून, गिटार कुठे होती, घुमारा किती होता, हे पाहत तसंच नवं स्टिरिओ उभं करतात. ते जमल्यावरच त्याला चहूबाजूंनी उलगडतात. किंग क्रिमझन या बँडचे आल्बम त्यांनी २००९ पासून असेच केले.

दुसरं कारण दाबण्याचं. नव्वदनंतर सीडी जास्तीत जास्त मोठ्यानं वाजावी म्हणून हळू आवाज वर ओढायचे आणि मोठे आवाज छाटायचे, अशी चढाओढ लागली. सराउंड तबकड्या रेडिओवर वाजणार नव्हत्या. घेणारा माणूस शांत खोलीत बसून ऐकणारा, म्हणून त्या बऱ्याच अंशी या चढाओढीतून सुटल्या. 'डार्क साइड'च्या २००३ च्या तबकडीत एसएसीडीचा आणि साध्या सीडीचा असे दोन थर आहेत. 'स्टिरिओफाइल' या अमेरिकन मासिकानं मोजून दाखवलं, की सीडीचा थर जास्त दाबलेला आहे. एकाच तबकडीवर! लोक दोन्ही थर ऐकून पाहत आणि 'नवं तंत्र काय सरस आहे' म्हणत. बराचसा सरसपणा निव्वळ न दाबण्याचा होता.

याचा अर्थ चहूबाजूंच्या मांडणीला स्वतःचं मोल नाही असा नाही. क्वीन या बँडच्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'त तिघांचे आवाज थरावर थर चढवून ऑपेराचा भलामोठा वृंद उभा केला आहे. थर चढवताना टेप इतक्या वेळा यंत्रातून गेली की उजेडासमोर धरली तर आरपार दिसे, असं त्या बँडचे लोक सांगत. दोन स्पीकरांत ते शेकडो आवाज एका दारातून घुसणाऱ्या गर्दीसारखे चेंगरतात. २००२ च्या डीव्हीडी-ऑडिओत एलियट शायनर यांनी त्यांना खोलीभर जागा दिली आणि सवाल-जवाब समोरासमोर झाले. इथे सराउंडनं मूळ कल्पनाच पुरी केली.

पण चार माणसांचा बँड एका खोलीत, एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाजवतो, तेव्हा त्यांना चार कोपऱ्यांत उभं केलं तर जमलेली बैठक मोडते. बेस मागे, ड्रम पुढे, आणि मध्ये आपण. दोघांमधला तो घट्टपणाच नाहीसा होतो. गायकाचा आवाज एकट्या मधल्या स्पीकरमध्ये टाकला तर तो उघडा पडतो. ज्या बारीक चुका वाद्यांच्या आडोशाला झाकल्या जायच्या, त्या समोर येतात. ऐकणारा थक्क होतो तो पहिल्या पाच मिनिटांपुरता. सहाव्या मिनिटाला गाणं कुठे गेलं असं त्याला वाटू लागतं.

आणि आता विषय नव्या वळणावर आहे. २०२१ च्या जूनपासून ॲपलनं आपल्या संगीतसेवेत डॉल्बी ॲटमॉस आणलं. यात आवाज डोक्यावरूनही येतात आणि साध्या हेडफोनवर गणितानं त्याचा भास निर्माण करतात. 'डार्क साइड'चंही ॲटमॉस मिश्रण २०२३ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, पुन्हा गथ्री यांनीच केलं. ॲटमॉस संगीताला आवाजाच्या पातळीची कमाल मर्यादा घालून दिलेली असते, त्यामुळे दाबण्याच्या रोगाला आपोआप आळा बसतो. ही जमेची बाजू. उलट बाजू अशी, की फोनवर येतो तो आवाज जागा वाचवण्यासाठी माहिती गाळलेला असतो. तोच ब्ल्यू-रे तबकडीवर पूर्ण मिळतो.

त्याहून मोठा बदल २०२२ मध्ये झाला. बीटल्सच्या १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये काही गाण्यांत गिटार, बेस आणि ड्रम एकाच ट्रॅकवर मुद्रित झालेले आहेत. 'टॅक्समन' हे त्यातलंच. ते वेगळे करणं अशक्य, म्हणून या आल्बमला कुणी हात लावत नव्हतं. मग शिकवलेल्या संगणकानं ते वेगळे करून दिले. परिणाम कानाला सुखद आहे, मी नाकारत नाही. पण पहिल्या पिढीची टेप काढणं आणि हे, यात एक फरक आहे. टेपवर जे होतं ते टेपवर होतं. संगणकानं दिलेले ड्रम हा 'ते असे असावेत' असा अंदाज आहे. अंदाज कितीही अचूक असला, तरी इतिहासाच्या विद्यार्थ्यानं पुरावा आणि अंदाज यांच्यात रेघ ओढायला हवी.

पुरावा जपण्याची गोष्टही सोपी राहिलेली नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून बनलेल्या काही टेपांचा चिकटद्रव हवेतला ओलावा शोषून लिबलिबीत होतो. वाजवायला गेलं की लेप खरवडून निघतो. त्या टेपा पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास हलक्या भाजतात, मग त्या थोडे दिवस वाजवण्याजोग्या होतात. तेवढ्यात त्यांची डिजिटल प्रत करून घ्यायची. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि मूळ टेपांचं एक भांडार जळालं. नेमकं किती गेलं यावर वाद आहे, पण त्याची व्याप्ती जगाला कळायला २०१९ साल उजाडलं. सराउंडच्या निमित्तानं कुणी कपाट उघडलं, टेप भाजली, प्रत केली, तर तो आल्बम वाचतो. माझ्या लेखी या सगळ्या उद्योगाची सगळ्यात मोठी कमाई हीच.

मघाचा प्रश्न राहिला. खरा आल्बम कुठला? मला वाटतं, १९७३ च्या मार्चमध्ये लोकांच्या हाती पडला तो स्टिरिओ आल्बम हाच इतिहासातला दस्तऐवज. लोकांनी तो ऐकला, त्याच्यावरून पुढचे बँड शिकले. बाकीची मिश्रणं म्हणजे त्या दस्तऐवजाची भाष्यं. काही भाष्यं फार थोर असतात. ती वाचावीत, त्यांनी मूळ जास्त कळतं. अडचण होते ती भाष्य मूळाच्या जागी जाऊन बसलं की. आज एखादा विद्यार्थी फोनवर जुनं गाणं लावतो आणि हेडफोन नवा असेल, तर सेटिंग बदलल्याशिवाय त्याला ॲटमॉसच ऐकू येतं. गाण्याचं नाव तेच, वर्ष तेच, चित्र तेच. आपण पन्नास वर्षांनंतरचं भाष्य ऐकतो आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. जुन्या आल्बमचं नवं मिश्रण काढताना मूळही त्याच संचात, न दाबता, द्यावं आणि कुणी, कधी, कुठल्या टेपवरून हे काम केलं ते स्पष्ट छापावं, एवढीच माझी मागणी आहे. चांगले संच हे करतात. फोनच्या पडद्यावर मात्र ही माहिती शोधूनही सहसा सापडत नाही.

तुमच्या घरी माळ्यावर जुन्या लाँगप्ले असतील तर त्या भंगारात देऊ नका. उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. माझ्याकडे ती तिसऱ्या पिढीची कॅसेटही अजून आहे. परवा ती लावून पाहिली. ठोके ऐकू आले नाहीत. पण कुठे असायला हवेत ते आता मला ठाऊक आहे, आणि त्या सरसरीत मी त्यांची वाट पाहत बसलो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)